डाव्या पुडीचा नाद

बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या आजही अनेक घरांत ऐकल्या जातात. तबकडीवरून नव्हे, मोबाईलवरून. त्या ऐकताना एकदा गाणे जरा बाजूला ठेवावे आणि फक्त तबल्याकडे कान द्यावा. उजव्या तबल्याचा 'ना' आणि 'तिं' बऱ्यापैकी कळतात. चाटेवरचा आघात तर स्पष्टच असतो. पण डग्ग्याचा 'घे' शोधायला गेले की हाती काही लागत नाही. फार तर कोणी बंद दारावर मूठ आपटल्यासारखा एक मुका ठोका. गंधर्व नाटक मंडळीत साथीला अहमदजान थिरकवा बसत, ज्यांचे नाव घेताना तबलजी आजही कानाला हात लावतात. त्यांच्या डाव्या हाताचे काम त्या तबकड्यांत जवळजवळ नाहीच. उजवा हात तेवढा उरला.

हे केवळ यंत्राच्या बालपणाचे दुखणे असते, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. यंत्र केव्हाच मोठे झाले. तरीही मार्च महिन्यात रत्नागिरी तालुक्यातल्या एखाद्या वाडीत झालेल्या नमनाचे कालपरवाचे चित्रीकरण लावून पाहावे. चित्र इतके लख्ख की संकासुराच्या अंगावरची सुरकुती दिसते, आणि मृदंग मात्र पुन्हा एकाच हाताने वाजतो आहे. शंभर वर्षांच्या अंतराने तोच हात गायब व्हावा, याचा अर्थ काय? माझे म्हणणे असे की पहिल्या वेळी तो यंत्राने घालवला आणि आता आपण सवयीने घालवतो आहोत. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या जागी एक परका ठोका आणून बसवतो आहोत.

आधी यंत्राचे पाहू. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि हिंदुस्थानातले तबकडीचे युग सुरू झाले. त्या मुद्रणात विजेचा संबंध नव्हता. गायक भोंग्यात तोंड घालून गायचा, भोंग्याच्या टोकाशी असलेला पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणात रेघ कोरायची. हा भोंगा ढोबळमानाने सेकंदाला दोनशे-अडीचशे कंपनांपासून दोन-अडीच हजार कंपनांपर्यंतचे ध्वनी पकडायचा. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. आता गंमत अशी की पुरुष गायकाच्या वरच्या षड्जाला लावलेला उजवा तबला अडीचशे-पावणेतीनशे हर्ट्झच्या आसपास बोलतो, म्हणजे नेमका भोंग्याच्या उंबरठ्याच्या आत. डग्ग्याचा मूळ नाद मात्र सत्तर-ऐंशीपासून वर सरकत शंभर-सव्वाशेपर्यंत जातो. तो उंबरठ्याबाहेरच राहिला. एकाच वादकाचे दोन हात, एकाला प्रवेश मिळाला आणि दुसऱ्याला नाही. यात कोणाची आवडनिवड नव्हती, कोणाचे दुष्टपणही नव्हते.

हे केवळ आपल्याकडे घडले नाही. अमेरिकेत १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या जॅझ वाद्यवृंदाचे मुद्रण झाले, तेव्हा बेबी डॉड्ससारख्या नामांकित ढोलवादकाला आपला मोठा ढोल बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यांवर वाजवावे लागले. मोठ्या ढोलाच्या धक्क्याने मेणावरची सुई उडण्याचे भय होते. म्हणजे ज्या संगीताचा पाया ढोल, त्याचा पहिला पुरावाच ढोलाविना आहे.

१९२५ साली विजेवरचे मुद्रण आले. मायक्रोफोन आला, आणि दशक संपेपर्यंत आपल्याकडेही पोहोचला. आता खाली शंभर हर्ट्झच्या आसपास उतरता येऊ लागले. तरी डाव्या हाताला पुरता न्याय मिळाला नाहीच, कारण अडचण आता तबकडीच्या चरात होती. खालचा नाद कोरायचा तर सुईला आडवे फार लांब झोके घ्यावे लागतात. तसे कोरले तर एक चर शेजारच्या चरात घुसतो. म्हणून ठराविक कंपनसंख्येच्या खालचा आवाज कोरतानाच मुद्दाम कमी करत. वाजवताना तो पुन्हा वाढवून घ्यायचा, असा त्यातला हिशेब. पण चावीच्या ग्रामोफोनला कसले वाढवता येणार? घरात बसून ऐकणाऱ्याला जे मिळाले ते छाटलेलेच.

या छाटणीचा आपल्या रसिकतेवर काय परिणाम झाला, हा प्रश्न मराठी संगीतसमीक्षेने फारसा विचारलेला नाही. वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथात घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली. त्यांचा विषय गायकी होता, तेव्हा तबल्याच्या नादाची चर्चा केली नाही म्हणून त्यांना बोल लावणे चुकीचे. पण त्यांच्यानंतर आपण सगळ्यांनीच 'लय' हा शब्द मोजमापाच्या अर्थाने धरून ठेवला. किती मात्रा, कुठे सम, दुगुन की चौगुन. लय ज्या नादाच्या अंगाने येते, त्या अंगाबद्दल आपण बोलत नाही. अशोक दा. रानडे हा एक मोठा अपवाद. ध्वनी हाच संस्कृतीचा पुरावा मानून ऐकण्याची दृष्टी त्यांनी दिली. मात्र ती दृष्टी वर्तमानपत्री आणि मासिकी परीक्षणांपर्यंत झिरपली नाही.

आपले स्तुतीचे शब्दच पाहा ना. चांगला तबला 'खणखणीत' असतो, 'स्वच्छ' असतो, बोल 'दाणेदार' निघतात, हात 'टणक' असतो. हे सगळे शब्द उजव्या हाताचे आहेत. डाव्यासाठी आपल्याकडे 'घुमारा' आणि 'गुंज' असे दोन उत्तम शब्द आहेत, पण परीक्षणांत ते शोधून सापडत नाहीत. ज्यांनी तबकडी आणि रेडिओवर कान तयार केले, त्यांना घुमारा ऐकूच आला नव्हता; लिहिणार कशाला? हा माझा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. पण जुने अंक चाळताना तो पुन:पुन्हा बळावतो.

आता थोडे दूर, लंडनला जाऊ. कारण खालचा नाद पकडण्याच्या हल्लीच्या साऱ्या रीती तिथून निघाल्या आणि फिरत फिरत आमच्या मंडपापर्यंत आल्या. पाश्चात्त्य वाद्यसंचातला पायाने वाजवायचा मोठा ढोल, ज्याला आपले बेंजो पार्टीवालेही आता 'किक' म्हणतात, त्याचा मूळ नाद पन्नास ते ऐंशी हर्ट्झच्या घरातला. १९६६ साली बीटल्सच्या मुद्रणांवर जेफ एमरिक नावाचा वीस वर्षांचा ध्वनिमुद्रक काम करू लागला. त्याने त्या ढोलाच्या पोटात लोकरीचा स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन अगदी ढोलाच्या तोंडाशी नेला. एवढ्या जवळ नेणे ईएमआय कंपनीच्या शिस्तीत बसत नव्हते. हवेच्या धक्क्याने मायक्रोफोन बिघडेल ही भीती. त्याच सुमारास 'पेपरबॅक रायटर' या गाण्यात बास गिटारचा खालचा स्वर पकडण्यासाठी त्या मंडळींनी चक्क एक लाऊडस्पीकर उलटा जोडून मायक्रोफोनसारखा वापरला. तत्त्व साधे आहे. मोठा पडदा खालच्या कंपनांना चांगला हलतो, मग तो बोलायला वापरा की ऐकायला. पुढे यामाहा कंपनीने याच तत्त्वावर किक ड्रमसाठी स्पीकरचाच मायक्रोफोन करून बाजारात आणला. त्याच्या आगेमागे खास या एका वाद्यासाठी घडवलेल्या मायक्रोफोनांची रांगच लागली.

यातली मेख लक्षात घ्यायला हवी. स्वेटर कोंबला तो घुमारा मारण्यासाठी. किक ड्रमकडून रॉक संगीताला लांबणारा नाद नको होता. छातीवर बसणारा, झटकन संपणारा धक्का हवा होता. म्हणून पोटात उशी, पुढच्या कातड्याला भोक, त्या भोकातून आत घातलेला मायक्रोफोन, शिवाय जवळ नेल्याने फुगणारा खालचा भाग. (एका दिशेने ऐकणारे मायक्रोफोन आवाजाच्या उगमाजवळ नेले की खालचे नाद आपोआप वाढतात, हा त्यांचा स्वभावच आहे.) ही सगळी रीत त्या वाद्याच्या कामातून जन्मली, आणि त्या कामासाठी ती अप्रतिम आहे. आमच्या मृदंगाचे काम मात्र उलटे.

मृदंग म्हणजे वारकरी कीर्तनात, कोकणातल्या भजनात, दशावतारात 'पखवाज' म्हणून ओळखला जातो त्याच कुळातला. नावात माती असली तरी अंग आता लाकडाचे. उजव्या पुडीला शाई. तिचा नाद स्वराला लागतो. शाईमुळे कातड्याचे वरचे नाद मूळ नादाच्या सरळ पटीत कसे येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये आणि पुढे १९३४ साली सविस्तर दाखवले. डाव्या पुडीला वाजवण्यापूर्वी ओली कणीक लावतात. तिच्या वजनाने पुडी खाली उतरते, वरचे कर्कश नाद दबतात आणि उरतो तो पोकळ, भरलेला, जरा वेळ रेंगाळणारा घुमारा. कणीक किती, कुठे आणि कितपत ओली, यावर वादक भांडतात. माझ्या ऐकण्यात असे वादक आहेत की जे गण संपून गौळण सुरू होण्यापूर्वी बोटाने कणकेचा काठ किंचित दाबून घेतात. खोडून काढण्याचा नव्हे, राखण्याचा हा खटाटोप आहे. किकला स्वेटर घालतात आणि मृदंगाला कणीक लावतात; दोन्हींत भार घालणेच आहे, पण एकात नाद तोडायचा असतो आणि दुसऱ्यात तो खोल करायचा असतो.

यावर एक सूक्ष्म मुद्दा. माणसाच्या कानाला एक विलक्षण खोड आहे. मूळ नाद गाळला आणि त्याच्या पटीतले वरचे नाद ठेवले, तरी कान मूळ नाद स्वत:च भरून काढतो. मोबाईलचा इवलासा स्पीकर तीनशे-चारशे हर्ट्झच्या खाली फारसे काही देत नाही, तरी भीमसेनजींचा खर्ज आपल्याला खर्जच वाटतो तो यामुळे. पण कणकेच्या पुडीने वरचे नाद आधीच दाबून टाकलेले. कानाने भरून काढायला आधारच शिल्लक नाही. म्हणून छोट्या स्पीकरवर गायकाचा आवाज टिकतो, तंबोरा टिकतो, उजवी पुडीही टिकते. डावी तेवढी जाते. जे वाद्य आपल्या खोलीसाठी वरचा झगमगाट सोडून देते, त्याला यंत्राकडून सर्वांत मोठी शिक्षा मिळते.

आता मंडपात येऊ. गावच्या नमनाला किंवा जाखडीला भाड्याने ध्वनिव्यवस्था येते. मृदंगवाला मांडी घालून बसलेला, मृदंग आडवा. ध्वनिव्यवस्थेचा पोरगा दोन माईक आणतो, एक उजव्या पुडीसमोर, एक डाव्या पुडीसमोर. दोन्ही माईक गायकासाठी बनवलेले. गायकाचा माईक तोंडाजवळ धरला तरी आवाज घुमू नये, म्हणून त्याचे खालचे अंग कारखान्यातच उतरते ठेवलेले असते. त्यात मिक्सरवर प्रत्येक वाटेला 'लो कट'चे बटण असते. ते दाबले की ऐंशी-शंभर हर्ट्झच्या खालचे सगळे गाळले जाते. विजेची घुरघुर आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याची फडफड नको म्हणून हा पोरगा संध्याकाळी सगळी बटणे एका ओळीने दाबून मोकळा होतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. वाऱ्याची फडफड ऐकू आली तर गावकरी त्याला धरणार, डावी पुडी ऐकू आली नाही तर कोणी धरत नाही.

यापुढे जे घडते ते फारसे कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो. डाव्या पुडीवर थाप पडली की ती आत जाते. आतली हवा दाबली जाते आणि ती उजव्या पुडीला बाहेर ढकलते. म्हणजे डाव्या माईकसमोरचे कातडे माईकपासून दूर गेले, त्याच क्षणी उजव्या माईकसमोरचे कातडे माईककडे आले. एक माईक 'खेच' म्हणतो, दुसरा 'ढकल' म्हणतो. वरच्या नादांच्या लाटा वीतभर-हातभर लांब असल्यामुळे त्यांच्यावर याचा परिणाम विस्कळीत होतो, कुठे वाढ, कुठे घट. पण साठ हर्ट्झच्या नादाची एक लाट जवळजवळ एकोणीस फूट लांब असते. तिच्या हिशेबी दोन फुटांवरचे दोन माईक म्हणजे एकच जागा. दोघांचे म्हणणे मिक्सरवर एकत्र केले की खेच आणि ढकल यांची वजाबाकी होते. सगळा नाद जातो असे नव्हे, पण जे जाते ते नेमके तळातले. दोन माईक लावून डावा हात एका माईकपेक्षाही कमी ऐकू येतो, तो असा.

यावर उपाय फुकट आहे. बऱ्याच मिक्सरवर एका वाटेचा संकेत उलटा करणारे बटण असते, मंडपातल्या भाषेत 'फेज'चे. डाव्या माईकचे ते दाबले की वजाबाकीची बेरीज होते. मी हे चार-पाच ठिकाणी करून पाहिले आहे. ज्यांना तांत्रिक काहीच सांगितले नव्हते, अशा प्रेक्षकांतल्या वयस्क बायकांनी मान वर करून मृदंगाकडे पाहिले. एका ठिकाणी वादकाने वाजवता वाजवताच हात हलका केला. आतापर्यंत ऐकू येत नाही म्हणून तो डावी पुडी जोरात बडवत होता. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. वादक स्वत:चा हात स्पीकरवरून ऐकतो. तिथे डावा हात आला नाही की तो जोर लावतो, जोर लावला की घुमारा मोडतो, आणि हळूहळू त्याचा हातच बदलतो. ध्वनिमुद्रण वाद्याची नुसती नोंद घेत नाही, ते वादकाला शिकवतही असते.

आणि जिथे डावी पुडी ऐकूच येत नाही, तिथे रिकामी जागा भरायला दुसरे कोणीतरी येतेच. रोलँडचा ऑक्टोपॅड १९८०च्या दशकात बाजारात आला, पुढे ऑर्केस्ट्रांतून तो गावच्या रंगमंचावर पोहोचला. आज बहुरंगी नमनात मृदंगाशेजारी तो असणे नवलाचे राहिलेले नाही. त्याच्या एका चौकोनावर किक भरलेला असतो. समेला, कधी प्रत्येक मात्रेला, 'धप्' असा तो पडतो. हा 'धप्' परदेशातल्या कुठल्याशा स्टुडिओत उशी भरलेल्या ढोलावरून घेतलेला. ऐकणाऱ्याला तळ मिळाल्याचे समाधान होते. ऑक्टोपॅड परका आहे, एवढ्यावरून मी त्याला नावे ठेवत नाही. हार्मोनियमही एके काळी परकीच होती. माझी तक्रार तो काय बोलतो याबद्दल आहे. डावा हात 'घे' म्हणतो, 'क' म्हणतो, उघडा राहतो, बंद होतो, तळहात दाबून नाद वर सरकवतो. जाखडीत शक्तीवाला प्रश्न टाकून थांबतो तेव्हा मृदंगाचा डावा हात त्या थांबण्याला उत्तर देत असतो. किकला एकच अक्षर येते. प्रश्न कोणताही असो, उत्तर 'धप्'.

गेल्या तीन-चार दशकांतली नमन आणि जाखडीची जी मुद्रणे माझ्या कानांखालून गेली, त्यांची प्रतवारी लावायची झाली तर क्रम लोकांना उलटा वाटेल. सर्वांत खरे मुद्रण कॅसेटच्या काळातले, तेही घरगुती: एक टेपरेकॉर्डर, त्यातच बसवलेला एक माईक, प्रेक्षकांत कुठेतरी ठेवलेला. खरखर आहे, पोरे रडतात, मध्येच कोणीतरी खोकते. पण मृदंग दोन हातांचा आहे, कारण तो दुरून आणि एकाच जागेवरून ऐकलेला आहे. त्यानंतरच्या सीडीच्या काळातली स्टुडिओतली मुद्रणे नेटकी आणि कोरडी. दहा बाय बाराच्या खोलीत एकोणीस फुटांची लाट मावत नाही. ती भिंतींत अडकते, कोपऱ्यात फुगते, खोलीच्या मध्यावर नाहीशी होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे आजचे मोबाईलवरचे चित्रीकरण. मोबाईल माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेला. जोराची थाप आली की तो आपणहून सगळा आवाज दाबतो, आणि थाप ओसरली की टाळ एकदम अंगावर येतात. दर थापेला नमन जणू श्वास कोंडते आणि सोडते.

चित्रपटसंगीताचाही इथे दाखला द्यायला हवा, कारण ढोलकीची आपली कल्पना तिथूनच घडली. 'सांगत्ये ऐका' (१९५९) मधल्या वसंत पवारांच्या लावण्यांत ढोलकी पुढे आहे, तल्लख आहे, पण ती मुख्यत: शाईची ढोलकी आहे, डावीकडचा भाग सूचनेपुरता. त्या काळच्या ध्वनिपट्टीचा विचार करता याहून जास्त मागणे अन्याय होईल. 'सैराट'च्या (२०१६) संगीतातला पाश्चात्त्य वाद्यवृंद अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केला, याचे तेव्हा बरेच कौतुक झाले आणि ते रास्तच होते. व्हायोलिनांच्या ताफ्याला किती मोठे दालन हवे, माईक किती उंचावर हवेत, याची फिकीर करणारे संगीतकार मराठीत निर्माण झाले. तेवढीच फिकीर एखाद्या मृदंगासाठी, त्याला शोभेल अशा जागेसाठी कोणी केल्याचे मला अजून ऐकू आलेले नाही. 'झिंगाट'मधला तळाचा ठोका मला आवडतो. ते गाणे त्याच्यावरच उभे आहे, तिथे तो उसना वाटत नाही. नमनाच्या गणात तोच ठोका आला की वाटतो.

शिमग्यात पालखीबरोबर निघणाऱ्या ढोलांची गोष्ट आणखी निराळी. पालखी डोंगराआड असते तेव्हा आधी ढोल ऐकू येतो, ताशा नंतर. खालचा नाद हवेत कमी विरतो, शिवाय त्याची लांब लाट टेकाडाला, झाडीला वळसा घालून येते. ताशाची कडकड वाटेतच अडते. म्हणजे ढोलाचा दुरून येणारा आवाज हाच त्याचा पहिला आणि खरा आवाज. घरातली बाई तो ऐकून ओवाळणीचे ताट तयार करते. मुद्रण करणारा मात्र ढोलाच्या तोंडाशी जातो. तिथे कान फाटेल असा ताशा मिळतो आणि ढोलाचे टिपरू कातड्यावर आपटल्याचा 'टक' मिळतो. पालखी येते आहे, ही जी बातमी त्या नादात असते, ती पन्नास पावलांच्या आत ऐकूच येत नाही.

इथे एक कंस. उत्सवातला आवाज मोजायचा सरकारी दंडक 'डेसिबल ए' या मापात आहे: २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. या 'ए' मापात मंद आवाजातल्या माणसाच्या कानाची नक्कल केलेली असल्यामुळे त्रेसष्ट हर्ट्झच्या आवाजाचे सव्वीस डेसिबल आधीच वजा होतात. डीजेच्या भिंतीने खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि मापकावर आकडा त्या मानाने शांत दिसतो, याचे एक कारण हे. भोंग्याने तळ ऐकला नाही, मोबाईल ऐकत नाही, आणि कायद्याचा मापकही अर्धवटच ऐकतो. कंस पुरा.

मग मृदंगाचे मुद्रण करावे कसे? मी कोणी ध्वनिअभियंता नव्हे. ऐकून, वाचून आणि करून जे जमले ते सांगतो. पहिले म्हणजे जवळ जाऊ नये. वादकासमोर सहा-सात फुटांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर एक चांगला माईक, ज्याचे खालचे अंग छाटलेले नाही असा. त्याला वाऱ्यासाठी केसाळ टोपी घालावी, लो कटचे बटण दाबू नये. घुमारा पुडीवर नसतो. तो पुडी, लाकडी अंग, जमीन आणि समोरची मोकळी हवा यांच्यात तयार होतो. जवळ गेले की कातडे मिळते, घुमारा नाही. दुसरा माईक लावायचाच तर तो डाव्या पुडीपासून दोन हात लांब, आणि दोन्ही एकत्र करण्याआधी 'फेज'चे बटण एकदा असे, एकदा तसे करून पाहावे. ज्यात तळ जास्त ते ठेवावे. एवढ्याला कान पुरतात, यंत्र लागत नाही. ऐकायला मात्र बरे हेडफोन हवेत. मोबाईलवर ऐकून निर्णय घेणे म्हणजे काळोखात रंग निवडणे.

आणि मुद्रणाबरोबर एक चिठ्ठी हवी: माईक कुठे होता, किती फुटांवर, कोणत्या बाजूला, कणीक होती की नाही, खाली सतरंजी होती की शेणाने सारवलेली जमीन, वर छप्पर कशाचे. लोककलांच्या मुद्रणांवर गावाचे नाव असते, मंडळाचे असते, तारीख असते. या गोष्टी मला तरी कुठे लिहिलेल्या आढळल्या नाहीत. उद्याचा अभ्यासक जेव्हा म्हणेल की कोकणातल्या मृदंगात डाव्या हाताचे काम फार नसे, तेव्हा त्याला रोखायला आपल्याकडे याखेरीज काही नसेल.

छपराचा उल्लेख मुद्दाम केला. रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा, राजापूर या पट्ट्यातली ग्रामदेवतांची जुनी देवळे म्हणजे जांभ्याचे जोते, लाकडी खांब, वर कौले, आणि तीन बाजूंनी उघडा किंवा अर्ध्या भिंतीचा सभामंडप. अशा मंडपात खालचा नाद कोंडत नाही. कौलांच्या फटींतून आणि मोकळ्या बाजूंनी तो बाहेर पडतो, आणि आत राहते ती स्वच्छ, थोडी रेंगाळणारी गुंज. आता एकेक देऊळ जीर्णोद्धाराला निघते आहे. स्लॅब पडतो, खाली गुळगुळीत फरशी येते, भिंती पूर्ण उंचीच्या होतात. गळके छप्पर कोणाला हवे असते? गावाने पै-पै जमवून बांधलेल्या देवळाला बाहेरच्याने नावे ठेवू नयेत, आणि मी ठेवत नाही. पण स्लॅबखाली तोच मृदंग, तोच वादक, तीच कणीक असूनही नाद निराळा येतो. टाळांचा कल्लोळ वरून परत येतो आणि डावी पुडी त्यात बुडते. त्या मंडपात पुढच्या पिढीचा वादक हात कसा टाकेल, हे जुन्या मंडपातल्या मुद्रणाशी ताडूनच कळेल, आणि ते मुद्रण जुना मंडप उभा आहे तोवरच होऊ शकते. माझ्या वहीत अशा कौलारू सभामंडपांची यादी आहे. सहा वर्षांपूर्वी तिच्यात एकतीस नावे होती, आज एकोणीस आहेत; त्यांपैकी तीन गावांनी येत्या शिमग्यानंतर काम काढायचे ठरवले आहे.